मिसबाई धुराड्यात का गेल्या?

दिगंबरपंत स्वतःची ओळख करून देऊ लागले की समोरच्याने आधी बसून घ्यावे, अशी शनिवार पेठेत रीतच पडली होती.

"पुण्यात हेर पुष्कळ," ते सुरू करीत. "पण ते भिंतीला कान लावतात. मी कान लावत नाही, मी तर्क लावतो. शत्रूच्या पागोट्यावरची धूळ पाहून मी त्याची फौज, दारूगोळा आणि सासुरवाडी सांगतो. शिवाय मला इंग्रजी येतं."

यातले शेवटचे वाक्य बरेचसे खरे होते. संगमावर इंग्रजांची कोठी बांधली जात होती तेव्हा पंत तिथे चुन्याच्या गाड्यांवर देखरेखीला होते, आणि एका गोऱ्या कारकुनाकडून त्यांनी पुष्कळ इंग्रजी आणि थोडी सर्दी उचलली होती.

श्रीधर हा पंतांचा धाकटा मेव्हणा आणि मदतनीस. या चाकरीत त्याला पंतांच्या बुद्धीचे दर्शन फुकट घडे. एवढ्यावर तो केव्हाच पळाला असता. पण दोघांचे दोन्ही वेळचे जेवण आप्पासाहेबांकडे होते, आणि आप्पासाहेबांकडच्या आमटीसाठी श्रीधर पंतांचे कितीही तर्क गिळायला तयार होता.

आप्पासाहेब म्हणजे सवाई माधवरावांच्या पदरचे एक मध्यम सरदार. बोहरी आळीपलीकडे जुन्या वस्तू विकणाऱ्या दादामियाँने त्यांना एक इंग्रजी पुस्तक आणून दिले आणि पंतांची दुभाषी म्हणून नेमणूक झाली.

"ही बखर आहे," पंतांनी पाने चाळून सांगितले. "फक्त यातलं काही घडलेलं नाही."

"न घडलेली बखर?" आप्पासाहेब चकित झाले.

"इंग्रजांना घडलेलं पुरत नाही, सरकार."

पुस्तक शिवलेले होते. आता पोथी कोणी शिवून ठेवते का? पंतांनी दोरे उसवले, पाने सुटी केली. पोथीच्या फळ्यांत ती मावेनात म्हणून वरची कड पानांच्या आकड्यांसकट कातरून टाकली. नव्या रेशमी रुमालात बांधताना गठ्ठा एकदा सटकला आणि ओसरीभर झाला, पण श्रीधरने पाने चटकन गोळा केली. मग चौरंग, समई, उदबत्ती, आणि वाचन सुरू.

पोथीचे पान खालून वर उलटायचे. तसे उलटले की या पोथीची मागली बाजू उफराटी येई.

"अर्धी बखर इंग्रज डोक्यावर उभा राहून वाचतो," पंतांनी खुलासा केला.

"तरीच लालबुंद असतात," आप्पासाहेब म्हणाले.

आणखी एक चमत्कार होता. प्रत्येक पानाच्या तळाशी कोपऱ्यात एकच शब्द एकटा छापलेला असे आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तोच पुन्हा येई. पंत तो इमानाने दोनदा वाचत.

"तोतरे आहेत का हो हे?"

"ठासून बोलतात, सरकार."

पंत आधी खड्या आवाजात इंग्रजी म्हणत, मग मराठीत अर्थ सांगत. बघता बघता सारे घर नादी लागले. बखरीत एक मिसबाई होती, आई नसलेली, चुलतीच्या घरी वाढलेली. एक कप्तान होता, मनाचा चांगला पण बोलताना चाचरणारा. चिकाच्या पडद्याआड आप्पासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई तांदूळ निवडत ऐकत, आणि मिसबाईला चुलती बोलली की सुपात खडे आपटत.

एका संध्याकाळी कप्तान गुडघ्यावर बसला. त्याने मिसबाईचा हात धरला. म्हणाला, माझी होशील का? पडद्याआडचे सूप थांबले. पंतांनी पान बदलले, इंग्रजी वाचले, आणि त्यांचा चेहरा चुन्याच्या गाडीसारखा झाला.

"मिसबाई लाजल्या, आणि... मीठ चोळून त्यांना धुराड्यात टांगण्यात आले."

"कोणी टांगलं?" पडद्याआडून आवाज आला.

"वहिनीसाहेब, हा अवघड वाक्प्रचार दिसतो."

"अवघड तर सोडवा. तर्क लावता ना? उद्या दिवेलागणीपर्यंत त्या पोरीनं हो म्हटलं की नाही ते सांगा. नाही जमलं, तर परवापासून पंगतीत दोन पाट कमी."

श्रीधरच्या डोळ्यांपुढून आमटीचे पातेले दूर दूर जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंतांनी पहिला तर्क काढला. "आपण वाटाण्याच्या अक्षता लावतो. त्यात वाटाणे असतात का? तसंच हे. नकार दिला की इंग्रज धुराड्यात टांगतात."

"पण भावोजी, नकार तिनं दिला, तर टांगायचं कप्तानाला."

पंतांनी त्याच्याकडे रागाने पाहिले आणि तर्क बदलला. "मग ही बखरच नव्हे. गुप्त खलिता आहे! कप्तान म्हणजे कंपनी सरकार. मिसबाई म्हणजे निजाम."

"निजाम लाजतो?"

"राजकारणात सगळे लाजतात. मीठ म्हणजे तह. धुराडं म्हणजे तोफ!"

"आणि चुलती?"

चुलतीवर तर्क अडकला. मग पंतांनी आवाज खाली आणला. "खून, श्रीधर. प्रत्यक्ष पुरावा हवा. तू संगमावर जा आणि इंग्रजांच्या धुराड्यात काय टांगलंय ते बघून ये."

"मीच का?"

"हेराचा चेहरा ओळखीचा होता कामा नये. मला सगळं पुणं ओळखतं."

श्रीधर गेला, मुदपाकखान्याच्या खिडकीतून डोकावला, आणि घरी न येता थेट नदीत शिरला. निथळत परतला तेव्हा दात वाजत होते.

"तंगडी! मीठ लावलेली, धुरात टांगलेली! डुकराची!"

"डुकराची कशावरून?"

"खूर होते, भावोजी!"

"वेषांतर," पंत शांतपणे म्हणाले.

दिवेलागणी झाली. पंतांनी तिन्ही तर्क मांडले. आप्पासाहेबांना निजामाचा फार आवडला. तेवढ्यात पडद्याआडून विचारणा झाली, "पंत, रोज पान बदलताना तुम्ही एक शब्द दोनदा म्हणता. काल तिथं एकदाच म्हणालात. का?"

"माझं लक्षच... म्हणजे, तिथं तो दोनदा नव्हता."

"आणा बघू ती पानं इकडं."

आनंदीबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, पण देवघरातल्या पोथीची पाने रोज त्याच क्रमाने लावत. त्यांनी कप्तान गुडघ्यावर बसला त्या पानाच्या तळाचे एकटे अक्षरचित्र डोळ्यांत धरले आणि एकेका पानाचा माथा पाहत गेल्या. गठ्ठ्याच्या पार तळाशी तसलेच चित्र सापडले.

"हे घ्या. त्याच्यामागं हे येतं. तुमचं धुराडं कुठल्यातरी स्वयंपाकाच्या पानावरचं आहे. पोथी विस्कटली होती ना? गोळा कोणी केली?"

"मी," श्रीधर म्हणाला. "मला गोळा करायला सांगितलं होतं. लावायला नव्हतं."

आप्पासाहेबांनी निजामाला मोठ्या कष्टाने निरोप दिला. "पण पाटांचा हुकूम? मिसबाईनं हो म्हटलं की नाही, ते अजून कळलेलं नाही."

पंतांनी नवे पान धरले. "मिसबाई लाजल्या... खाली मान घातली... पंख्याआड हसल्या, आणि म्हणाल्या, 'फिडलस्टिक!'"

"म्हणजे?"

पंतांनी तोंड उघडले. फिडल म्हणजे सारंगी, स्टिक म्हणजे काठी. सारंगीच्या काठीवरून नवा तर्क जिभेवर आला होता. पण मेव्हण्याचे ओले धोतर दिसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणाले, "ठाऊक नाही, वहिनीसाहेब."

श्रीधरने डोळे मिटून घेतले. पाट गेले.

"त्यात ठाऊक काय असायचंय?" पडद्याआडचा आवाज हसत होता. "पोरगी लाजली, मान खाली घातली, पंख्याआड हसली, आणि त्याला घराबाहेर काढला नाही. अहो, ती 'इश्श' म्हणाली!"

पंतांनी पुढची ओळ वाचली. कप्तान आनंदाने टोपी उडवत होता.

"ठरलं!" आप्पासाहेब चौरंगावर थाप मारून ओरडले. "साखर वाटा!"

आणि त्या संध्याकाळी सगळ्या आळीत साखर वाटली गेली. ज्याला त्याला वाटले, आप्पासाहेबांच्या घरातल्याच मुलीचे जमले. विचारायला आलेल्यांना आनंदीबाईंनी सांगून टाकले, "हो, मुलगी आमचीच. मुलगा फिरंगी आहे, पण मनाचा चांगला." मग त्या आत वळल्या आणि म्हणाल्या, "पाट मांडा. दोन इकडं, या दोघांचे. आणि श्रीधरला आमटी कढत वाढा."