माडबेटाची प्रदक्षिणा

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तळं लहानसंच. या काठावर कुणी शिंकलं की त्या काठावरून 'काढा घ्या' असा सल्ला यायचा.

तळ्याकाठी द्वारकाकाकू राहायच्या. काकू म्हणजे साळू, अंगभर काटेच काटे. स्वभाव मात्र मऊ. जगात असं पुष्कळदा असतं. ज्यांच्या अंगावर काटे दिसत नाहीत त्यांनाच जपून असावं, पण ते जाऊ द्या. ती गोष्ट वेगळी.

दर थंडीत तळ्यावर तुतवार नावाचा एक पाहुणा पक्षी उतरायचा. शेपटी हलवत हलवत तो लांबलांबच्या हकिगती सांगायचा. दूर माडबेट नावाचा एक देश आहे. त्याच्या चारी बाजूंनी समुद्र आहे. आणि समुद्राला, म्हणे, पलीकडचा काठच नाही.

हे ऐकून काकूंचे यजमान चिडायचे. त्यांचं म्हणणं, पाणी म्हटलं की पलीकडे काठ असणारच. नाहीतर पाणी थांबेल कशाला? यावर सात हिवाळे वाद चालला. आठव्या हिवाळ्यात तुतवार आला तेव्हा यजमान नव्हते. वाद अर्धाच राहिला.

तो काकूंना पुरा करायचा होता, तोही स्वतःच्या डोळ्यांनी. पण डोळेच दगा देऊ लागले होते. घुबड वैद्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं, पडदा वाढतो आहे, काय बघायचं ते येत्या पावसाळ्याच्या आत बघून घ्या.

म्हणून एक दिवस चिंचेखाली काकू म्हणाल्या, "माडबेटाला जाऊन येऊ या का? समुद्र बघू."

त्यांचं चुकलं ते एवढंच, की हे चार जणांसमोर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी समिती झाली. आप्पासाहेब नावाचा गवा अध्यक्ष झाला, कारण तो बसला की दुसऱ्याला बसायला जागा उरत नसे. नियोजनाचं काम मुंगसे मास्तरांकडे गेलं. मास्तर जातिवंत मुंगूस, जन्मभर गणित शिकवलेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना भागायला काही मिळालं नव्हतं. गळ्यात शाळेतली शिट्टी अजून होती.

नावं भराभर आली. चोवीस जण आणि काकू, असे पंचवीस.

पहिला महिना खाण्यात गेला. खाण्यात म्हणजे खाण्याच्या चर्चेत. माडबेटावर नारळ, केळी, फणस उदंड असतात, असं तुतवाराने सांगून पाहिलं. पण वाळवलेली मोहाची फुलं मिळतात का, याचं उत्तर त्याला देता येईना. तेव्हा प्रत्येकाने सहा दिवसांची फुलं गाठोड्यात बांधून न्यावीत असं ठरलं. तुतवाराला पुन्हा काही विचारलं नाही. तो तिथे दरवर्षी जायचा हे खरं, पण नियोजन न करता जायचा.

दुसरा महिना दिशेवर गेला. माडबेटाला किनाऱ्याने एक गोल रस्ता होता. त्यावरून बसने सहा दिवसांत पुरी फेरी व्हायची. (जनावरांच्या गोष्टीत बस कुठून आली, असं विचारू नका. जिथे समिती येते तिथे मागोमाग बस येतेच.) आता फेरी सुरू कुठल्या बाजूने करायची? आप्पासाहेबांनी निकाल दिला, की मध्ये डोंगर, भोवती आपण, म्हणजे ही प्रदक्षिणाच. ती उजवी घालायची. उलट्या फेऱ्या कुठे घालतात हे सुज्ञांना सांगायला नको. सगळ्यांनी हळूच कानाला हात लावले.

मग मास्तरांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि त्यांचा चेहरा फार दिवसांनी उजळला. उजवी प्रदक्षिणा घातली की डोंगर कायम उजवीकडे राहणार. समुद्र कायम डावीकडे. आणि बसला डाव्या खिडक्या सहाच.

म्हणजे सहा जणांनी सहा दिवस समुद्र बघायचा आणि बाकीच्यांनी त्यांच्या मानगुटी? हे जंगलाला शोभणारं नव्हतं. तिसरा महिना आसनांच्या अदलाबदलीत गेला. चौथाही.

काकू रोज सकाळी तळ्याच्या पलीकडच्या काठाकडे बघायच्या. माघात त्यांना तिथला पांगारा दिसायचा. फाल्गुनात नुसता लाल डाग दिसायला लागला. चैत्रात तोही नाहीसा झाला. काकू समितीला म्हणाल्या, जरा लवकर निघता आलं तर बरं. आप्पासाहेब म्हणाले, घाईने समुद्र बघण्यात काय अर्थ आहे?

शेवटी तक्ता तयार झाला. पळसाच्या नव्वद पानांचा तक्ता! दर पाव तासाला शिट्टी वाजणार आणि प्रत्येकाने एक आसन पुढे सरकायचं. फक्त एक अडचण होती. मास्तर ती घेऊन काकूंकडे गेले.

"काकू, पंचविसाने भाग जात नाही," मास्तर म्हणाले. "चोविसाने जातो. प्रत्येकाला बरोबर बारा तास समुद्र. शिवाय दर पाव तासाला तुम्ही सरकणार म्हणजे तुमचे काटे... मंडळी जरा घाबरतात."

"मग मी येऊ नको?"

"छे, छे! तुम्हाला मानाचं आसन. मागचं, उजवीकडचं, कायमचं. आणि समुद्र थांब्यावर बघा की. रोज पाच थांबे आहेत, सात-सात मिनिटांचे."

काकूंना वाईट वाटलं. सहल आपण सुचवली आणि भागाकारात आपणच उरलो, हे त्यांना लागलं. पण जाण्यापुरती जागा मिळतेय ना, असं म्हणून त्यांनी गाठोडं बांधलं.

वैशाखात मंडळी निघाली.

आता तुम्ही म्हणाल, बेटावर जायचं म्हणजे समुद्र ओलांडावा लागणार, तेव्हाच तो सगळ्यांना दिसला असेल. तुम्ही मास्तरांना ओळखत नाही. त्या समुद्राची वाटणी तक्त्यात नव्हती. फुकट कुणी जास्त बघितला असता तर पुढचा हिशेब कोलमडला असता. म्हणून मास्तरांनी सगळ्यांना बोटीच्या पोटात बसवलं आणि पडदे ओढून घेतले. बोट लागली तेव्हा बस थेट फळीला टेकून उभी होती.

बसचा चालक एक खेकडा होता. स्वतः आडवा चालायचा, बस मात्र सरळ चालवायचा. त्याने मागे वळून विचारलं, "कुठं नेऊ?"

मास्तरांनी नव्वद पानं त्याच्या हातात दिली. खेकड्याने ती आदराने बुडाखाली ठेवली आणि बस सोडली.

पहिल्या थांब्यावर काय झालं ते ऐका. दार पुढे होतं आणि काकू मागे. चोवीस जण उतरेपर्यंत चार मिनिटं गेली. काकू दारापर्यंत पोचल्या तेव्हा बाकीचे समुद्राकडे पाठ करून ओळीने उभे होते. सामूहिक छायाचित्र चाललं होतं. काकूंनी पायरीवर पाय ठेवला, आणि शिट्टी वाजली.

दुसऱ्या थांब्यावर तसंच झालं.

तिसऱ्या थांब्यावर काकूंनी शहाणपणा केला. बस थांबायच्या आधीच त्या गाठोड्यासकट मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. काटे बघून मंडळी आपोआप मागे सरकली. जन्मात पहिल्यांदा काकूंना आपल्या काट्यांचं बरं वाटलं. त्या सगळ्यांत आधी उतरल्या, वाळू तुडवत माडांच्या पलीकडे गेल्या आणि थांबल्या.

समोर निळं होतं. खूप निळं. त्यांनी पलीकडचा काठ शोधला. डावीकडून शोधला, उजवीकडून शोधला. मागे शिट्टी वाजली, ती त्यांना ऐकू आली. पण काठ अजून सापडला नव्हता.

बस निघून गेली. मास्तरांनी मोजणी केली होती, मुलांनो. शिस्तीने केली होती. पण काकूंचं आसन फिरत नव्हतं, म्हणून त्या तक्त्यात नव्हत्या. आणि तक्त्यात नव्हत्या, म्हणून मोजणीत नव्हत्या. चोवीस भरले. बरोबर होते.

किनाऱ्यावर एक म्हातारी खेकडीण राहायची. संध्याकाळपर्यंत तिने काकूंना पाहिलं, मग जवळ येऊन विचारलं, काय हरवलं?

"पलीकडचा काठ शोधतेय," काकू म्हणाल्या. "माझे डोळे अधू आहेत. तुम्हाला दिसतो का?"

खेकडीण बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. "नाही हो," ती म्हणाली. "मीही लहानपणी शोधला होता. चला, खोबरं खाऊन घ्या."

काकूंना रडू आलं. यजमान चुकले होते याचं वाईट वाटलं, आणि हे ऐकायला ते नव्हते याचं त्याहून जास्त. मग त्यांनी खोबरं खाल्लं. दुसऱ्या दिवशी भरती आली, ओहोटी आली. दुपारी रोज पाऊस पडायचा आणि समुद्र करडा व्हायचा, ऊन आलं की हिरवा. काकू वाळूवर बसून राहिल्या. एकदा लाटेने त्यांचं मोहाच्या फुलांचं गाठोडं नेलं. काकू म्हणाल्या, नेऊ दे.

इकडे बसमध्ये तिसऱ्या दिवशी मालूताई खारीच्या लक्षात आलं, की मागच्या बाकाजवळून इतक्या वेळा सरकूनही आपल्याला एकदाही काटा टोचला नाही. तिने वळून पाहिलं. आसन रिकामं होतं.

एकच गोंधळ झाला. खेकडा म्हणाला, मागे वळलो तर अडीच दिवसांत पोचतो, पुढे गेलो तर साडेतीन. मागे वळायचं म्हणताच आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

"अहो, ती उलटी प्रदक्षिणा होईल," ते म्हणाले. "काकूंसाठीच म्हणतो, जिवंत माणसासाठी ती बरी नव्हे."

मास्तरांना वेगळंच दिसत होतं. बस वळली की समुद्र उजवीकडे जाणार होता. पंचेचाळीस पानं उलटी होणार होती.

तेव्हा पुढेच जायचं ठरलं. पुढच्या थांब्यावर काकूंसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. सात मिनिटांतली दोन त्यांना दिली. उरलेल्या पाचांत छायाचित्र झालं.

सहाव्या दिवशी फेरी पुरी करून, सुरुवातीची जागा ओलांडून, सातव्या दिवशी बस तिसऱ्या थांब्यावर आली. काकू वाळूवर बसल्या होत्या. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि हळहळले. बिचाऱ्या काकू! अख्खं बेट बघायचं राहिलं. दोन धबधबे गेले, ज्वालामुखी गेला, गरम पाण्याचे झरे गेले.

"आणि समुद्र?" काकूंनी विचारलं. "तुम्हाला कसा दिसला?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खिडकी मिळाली की जो तो शिट्टीकडे कान लावून बसायचा. आपला पाव तास कुणी खात नाही ना, हे बघायचा. शेवटी मालूताई म्हणाली, "सारखा वाटून मिळाला."

मंडळी जंगलात परतली. मोठा सत्कार झाला. शिस्तबद्ध सहलीचा नमुना म्हणून मास्तरांना शाल मिळाली. आप्पासाहेबांनी भाषणात काकूंचा उल्लेख केला, गटाबरोबर न राहिल्याने काय गमवावं लागतं याचं उदाहरण म्हणून. काकू पहिल्या रांगेत होत्या. आप्पासाहेब त्यांना नीटसे दिसत नव्हते, त्यामुळे त्यांचा फारसा राग आला नाही.

आषाढात पडदा पुरता आला. त्यानंतर एका दुपारी काकूंच्या बिळाशी कुणीतरी खाकरलं. मुंगसे मास्तर होते. हातात पानं सळसळत होती.

"काकू, अहवालात एक रकाना रिकामा राहिलाय," ते म्हणाले. "समुद्र कसा दिसला. बाकी तेवीस जणांना विचारलं. कुणाचं काही धड नाही."

"तुम्ही नाही बघितलात?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

"माझ्याकडे शिट्टी होती," ते म्हणाले.

काकूंना त्यांची कीव आली. त्यांनी सरकून जागा करून दिली, काटे सावरून घेतले आणि म्हणाल्या, "बसा."

मास्तर बसले. पान पुढे ओढलं आणि सवयीने विचारलं, सांगायला किती वेळ लागेल?

"सहा दिवस," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी थोडा विचार केला. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, पानांवर वजन म्हणून ठेवली आणि ऐकायला लागले.

तात्पर्य : सहलीला निघण्यापूर्वी तक्त्यात आपलं नाव आहे ना, याची खात्री करून घ्यावी. असेल, तर खोडून घ्यावं.