चंद्रावर जायचा अंगरखा

लोहारा गावच्या ईरण्णा शिंप्याचा एक दावा होता, आणि तो ऐकल्याशिवाय त्याच्या दुकानातून माणूस सुटत नसे. "कपडा म्या एकदा बघितला की शिवला. मग तो राजाचा असू दे न्हायतर बैलाचा." यात थाप कमी आणि खरं जास्त होतं, हे कबूल केलं पाहिजे. निजाम सरकारच्या एका घोडेस्वाराची तंग विजार त्यानं नुसती रस्त्यावरून जाताना पाहून हुबेहूब शिवली होती.

दोष एकच. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकायचं त्याला जमत नसे. वाक्य अर्ध्यावर आलं की हा म्हणायचा, "कळलं." कोटाला खिसे नकोत म्हणून सांगायला आलेल्या एका माणसाला त्यानं चार खिसे करून दिले होते. कोट इतका झकास बसला होता की तो बिचारा मुकाट्यानं घेऊन गेला.

ते लढाईचे दिवस. कापड डोळ्यांना दिसत नव्हतं, लोक धोतरं फाडून सदरे करत आणि सदरे फाडून टोपड्या. ईरण्णाची कातर खुंटीवर लटकून गंजायला आली होती. अशात एका बाजाराच्या दिवशी, सकाळी सकाळी, अक्कलकोटकडचा गुंडाप्पा दुकानापुढं गाडी घेऊन उभा राहिला. गुंडाप्पा गावोगाव मुका सिनेमा दाखवत फिरायचा. यंत्र त्याचं, इंजीन त्याचं, आणि भोंग्यातून गोष्ट सांगणारा आवाजही त्याचाच. लोहाऱ्यात सिनेमा त्याआधी कधी आला नव्हता.

त्यानं दोन गठुडी ओट्यावर टाकली आणि एक चित्र पुढं धरलं. चित्रात एक साहेब होता. अंगात गादीसारखा फुगलेला पांढरा पोशाख, डोक्यावर गोल मडक्यासारखं काहीतरी, आणि त्यातून निघालेली एक नळी.

"ह्यो चंद्रावर जातो," गुंडाप्पा म्हणाला. "आज ह्योच खेळ हाय. असाच अंगरखा करून एक माणूस बाजारातनं फिरवायचा, म्हंजी लोक येतील. होईल दुपारपतुर?"

"बघितला की शिवला."

"मग ऐक नीट. ह्या ल्हान गठुड्यातल्या मांजरपाटाचा अंगरखा. आन् ह्या मोठ्यात..."

"कळलं."

"कळलं काय? ह्याला मधी जरा फाटलंय, तेवढं नीट कर. काठाला हात लावू नको, दोऱ्या तशाच ऱ्हाऊ दे."

"काठाला हात लावायचा न्हाय. कळलं म्हणलं की." ईरण्णाचे डोळे चित्रातल्या नळीवरून हलत नव्हते. "मजुरी मात्र मला पैशात नको. पुढच्या दोन जागा ठेव. माझी आन् हिची."

ह्या दोन जागांमागं एक गोष्ट होती. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी तुळजापुरात तंबूतला सिनेमा आला तेव्हा ईरण्णा एकटा आत शिरला, आणि चन्नम्मा बाहेर बोचकी सांभाळत बसली. शिवाय आत तंबूचा खांब आडवा आल्यानं ह्यालाही काही दिसलं नाही. पण ते चन्नम्मा कशाला मानते? नऊ वर्षांत ती भांडली नव्हती. फक्त कधीमधी म्हणायची, "जावा, तुम्ही बघून या. मी बसते बोचकी धरून." हे ऐकण्यापेक्षा ईरण्णाला चार फटके परवडले असते.

गुंडाप्पा ठाण्यावर अमीनसाहेबाकडं इजाजत आणायला गेला. ती मिळाली एकाच संध्याकाळची. उद्या गाडी गावाबाहेर पाहिजे, असा हुकूम.

इकडं ईरण्णानं मोठं गठुडं सोडलं. आत जाडजूड, पांढरंशुभ्र, बारा हात लांब कापड! इतकं कापड त्यानं चार वर्षांत एकजागी पाहिलं नव्हतं. काठाला दोऱ्या ओवलेल्या होत्या, म्हणजे जुन्या तंबूची कनात असणार, हे त्यानं ताडलं. मांजरपाट मग अस्तराला.

"अवो," चन्नम्मा म्हणाली, "एका माणसाला एवढं कापड?"

"चंद्रावर जायचंय. हितं शेजारच्या जेवळी गावाला न्हाय जायचं."

अंगरखा घालायला गावातला बिभीषण पैलवान तयार झाला होता. ह्या पोशाखाची मापं कुठं घ्यायची ते ईरण्णाला उमगेना, म्हणून त्यानं कापड दुहेरी घडी घालून जमिनीवर पसरलं, त्यावर पैलवानाला हातपाय पसरून उताणं निजवलं आणि भोवतीनं खडू फिरवला. काठाला हात लावायचा नव्हता, तेव्हा त्यानं बिभीषणाला बरोबर मध्यभागी निजवलं. फाटलेली जागासुद्धा अशी धरली की ती कातरीच्या कडेला येऊन गळून गेली. स्वतःच्या हुशारीचं त्याला फार कौतुक वाटलं.

मग कातर चालली. पुढचा माणूस, मागचा माणूस, अस्तर, मध्ये कापूस, आणि बोटाबोटावर धावदोरा. चित्रात कुठं गुंडी दिसत नव्हती, त्यामुळं बिभीषणाला आत घालून पाठ त्याच्या अंगावरच शिवून टाकली. डोक्याला कोंबड्या झाकायचं डालं पांढऱ्या कागदानं मढवून, तोंडाशी गोल भोक ठेवून. नळी हुक्क्याची.

बाजारात हलगी वाजायला लागली आणि बिभीषण चालायला लागला. दोन बैल गाडीसकट पळाले. एका म्हातारीनं त्याला हात लावून बघितला आणि विचारलं, "बाबा, गादी कुठं न्यायलास?" गुंडाप्पानं तर ईरण्णाला मिठीच मारली. "उस्ताद हायस!"

दिवस कलला. चावडीपुढच्या मैदानात लोक पोती टाकून बसले. चन्नम्मा हिरवं इरकल नेसून सगळ्यांच्या पुढं, आणि शेजारची जागा पदरानं झाकून ठेवलेली. गुंडाप्पा दुकानात आला.

"आण पडदा."

"कसला पडदा?"

"सिनेमाचा. सकाळी नीट कराया दिलेला."

ईरण्णाला कळलं. ह्या वेळी खरोखरच कळलं. उरलेलं कापड त्यानं उलगडलं. मधोमध दोन पैलवान हातात हात घालून उभे होते, म्हणजे त्यांची भोकं. काठ मात्र शाबूत होता.

गुंडाप्पा मटकन खाली बसला. "आरं, यंत्र हाय, इंजीन हाय, गाव सगळं बसलंय. दाखवू कशावर?"

"काठाला हात लावू नको म्हणलास..."

"म्हणून पोट कापलंस?"

धोतर लावून बघितलं, तर वाऱ्यानं ते फुगायला लागलं आणि उजेड आरपार. चावडीची भिंत शेणामातीची, काळी. अंगरखा उसवावा म्हटलं, तर टाका ईरण्णाचा. "दोन दिस लागतील," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण जरा वाईट शिवत असतो तर बरं झालं असतं. बाहेर चन्नम्मा जागा धरून बसली होती, आणि आता तिला जाऊन काय सांगायचं?

सांगावं लागलं नाही. उशीर का होतोय ते बघायला तीच आली. तिनं पडदा बघितला, नवरा बघितला, दाराशी उभा असलेला फुगलेला बिभीषण बघितला. रडेल असं ईरण्णाला वाटलं.

"त्यात काय," ती म्हणाली. "एका भोकात हे पैलवान बसतील, त्यांच्याच मापाचं हाय. दुसऱ्यात ज्यानं पाडलं त्यानं बसावं."

पडदा बांधला. मागं बैलगाडी लावून बिभीषण आपल्या भोकात उभा राहिला. टाचणी शिरायला जागा राहिली नाही. दुसऱ्या भोकात ईरण्णा अगदीच किडकिडीत, म्हणून त्याच्या पोटाला आणि बगलांना चार उशा बांधल्या, त्यावर पांढरं धोतर गुंडाळलं. उघड्या तोंडाहाताला चन्नम्मानं स्वतः जोंधळ्याचं पीठ चोपडलं. चोपडताना तिचा हात जरा जोरातच चालत होता.

इंजीन धडधडलं. ईरण्णाच्या डोळ्यांत पांढरा झोत आला, त्यानंतर त्याला काहीही दिसलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. भोंग्यातून गुंडाप्पाचा आवाज येत होता. "आता साहेब निघाला! आता ढगातनं वर चालला!" लोक ओरडत होते, त्यावरून साहेब आपल्या अंगावरून कुठंतरी चाललाय एवढं त्याला समजत होतं. मध्येच नाकात पीठ गेलं आणि तो सणसणून शिंकला. मग गुंडाप्पा सावरून म्हणाला, "चंद्रावर भूकंप झाला!" मैदानानं टाळ्या पिटल्या.

आणि त्या टाळ्यांत, अगदी पुढून, एक हसू आलं. मोकळं, पोट धरून हसलेलं. ते चन्नम्माचं होतं. नऊ वर्षं एका घरात राहून ती अशी हसते हे ईरण्णाला माहीतच नव्हतं. पाय भरून आले होते, उशीची दोरी काचत होती, गालावर डास बसला होता. तरी तो हलला नाही. खेळ संपूच नये असं त्याला वाटत होतं.

बोचक्यांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. बिभीषणाला उसवायला मात्र खरंच दोन दिवस लागले.

मग कितीतरी वर्षं गेली. निजामाचं राज्य गेलं, अमीन गेले, यष्टी आली. एके दिवशी शाळेतले मास्तर वर्तमानपत्र घेऊन दुकानात आले. माणसं चंद्रावर उतरली होती, आणि पहिल्या पानावर फोटो होता. ईरण्णानं चष्मा सारखा केला, फोटो उजेडाला धरला, आणि बराच वेळ पाठीकडची शिवण शोधली.

"कट आपलाच हाय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांमागं केलाय आपण. सिनेमासाठी."

"असं?" मास्तर खूश झाले. "कसा होता सिनेमा? चंद्र कसा दाखवला होता?"

ईरण्णानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "म्या न्हाय बघितला, मास्तर. माझ्यावर दाखवला." मग आत तोंड करून हाक मारली, "अगं, चंद्र कसा होता तवा?"

आतून चन्नम्माचा आवाज आला, "चांगला होता. पोट जरा आत घेतलं असतं, तर गोल दिसला असता."