चाचणी मोडमधला नवरा

बायको बहिणीकडे निघून गेली, आणि पाणीखात्यातल्या कारकुनाने ठरवलं, की आता बोलायचं. म्हणजे स्वतः नव्हे, कॉम्प्युटरकडून.

जाताना बाई दारात म्हणाली होती, "रविवारपर्यंत मनातलं काहीतरी बोलून दाखवा, नाहीतर मी परत येत नाही. घरात माणूस आहे की कपाट, तेच कळेनासं झालंय." कारकुनाने यावर खोल विचार केला आणि उत्तर दिलं, "हं."

(हसू नका. तुमच्याही घरात असलं कपाट असेल. कदाचित तेच आत्ता हे वाचतंय.)

त्याने फोनवर चार शब्द लिहून पाहिले. पण पाठवायचं बटण दिसलं की अंगठा सगळं पुसून टाकी. मग त्याला ऑफिस आठवलं. 'उद्या पाणी येणार नाही' असे मेसेज साऱ्या गावाला जातात, ते काय कुणी अंगठ्याने पाठवतं? मेसेज पोचवणारी एक कंपनी आहे. आपला प्रोग्राम तिला निरोप देतो, ती पुढे धाडते. त्याने त्याच कंपनीत स्वतःचं खातं उघडलं, घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचं पायथन घातलं आणि कंपनीची लायब्ररी बसवायला घेतली. (लायब्ररी म्हणजे आयता कोड. पुस्तकं नाहीत, त्यामुळे न वाचल्याचा पश्चात्तापही नाही.)

घाईत त्याने पायथन दोनदा घातलं होतं. लायब्ररी नेमकी नको त्यात जाऊन बसली. तिथून हलवली, तर 'खात्याची चावी कुठाय?' म्हणून अडली. चावी दिली, तर नंबरवरून कुरकुर. एवढ्या तक्रारी बायकोनेही कधी केल्या नव्हत्या. शेवटी कंपनीने नमुन्याला दिलेली सेटिंगची फाइल त्याने जशीच्या तशी उचलली, त्यात चावी आणि बायकोचा नंबर तेवढा घातला, आणि पडद्यावर उमटलं: 'संदेश पोचला.'

फाइलमध्ये आणखी एक ओळ होती, 'मोड: चाचणी'. त्याने ती वाचलीसुद्धा. पण पाणीखात्यात नोकरीला लागल्या लागल्या शिकवतात, की पाणी येतंय तोवर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. त्याने लावला नाही.

मग रोज सकाळी मेसेज जाऊ लागला. 'घर खायला उठतं.' दुसऱ्या दिवशी, 'मी ओट्याशी उभ्यानेच जेवतो. एकट्यासाठी ताट घ्यावंसं वाटत नाही.' मग, 'तुझ्या बाजूला मी अजून सरकलेलो नाही. पलंग अर्धाच वापरतो.' लिहिताना त्याचेच डोळे भरून येत. तिच्याकडून उत्तर काही येईना. त्याला वाटलं, रडत असेल बिचारी.

शनिवारी साडूचा फोन आला. (साडू कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुसऱ्याचं काही बिघडलं की याचा चेहरा उजळतो.)

"काय साडूबुवा, ताईंना रोज सकाळी काय पाठवताय?"

कारकून लाजून चूर. "तुम्हीपण वाचलंत?"

"अख्ख्या घराने वाचलं. 'हा चाचणी संदेश आहे. कृपया दुर्लक्ष करावे.' आणि खाली तुमचं नाव."

"रोज?"

"रोज! अहो, चाचणी मोडमध्ये तुम्ही रामायण लिहा, पोचतं तेवढंच."

"मग... ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, लग्न झाल्यापासून यांनी पहिल्यांदाच काहीतरी स्पष्ट सांगितलंय. ऐकायला हवं."

कारकुनाने मोड बदलला आणि सगळे मेसेज एकदम सोडले. पडद्यावर आलं: 'या नंबरने तुम्हाला ब्लॉक केलं आहे.' लायब्ररी आता एकदम बिनचूक चालत होती.

रविवारी बिचारा स्वतःच निघाला. बसमध्ये एकच वाक्य घोकत होता, 'तुझ्यावाचून करमत नाही.' शेजारच्या म्हाताऱ्याने जागा बदलली. मेव्हणीने दार उघडलं आणि घशापर्यंत आलेलं वाक्य घसरून परत पोटात गेलं.

आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कुणी नाही, ताई. भाऊजी आलेत."

"काही बोलतायत का?"

मेव्हणीने थांबून त्याचं तोंड नीट निरखलं. ते उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. "नाही."

"मग तेच आहेत. बसव त्यांना. चहा घेणार का म्हणून विचारू नकोस, उत्तर यायचं नाही, सरळ आणून दे. आणि हे बघ, माझी बॅग भरायची घाई करू नकोस."