उभ्या शब्दातला गजरा

शब्दकोडी करण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या अमिरातीत सापडायची नाही! (हा उद्योग करणारी मी एकटीच आहे, हा भाग वेगळा.) मला कुणी शिकवलं नाही. लेकीच्या, मिहिकाच्या, गणिताच्या चौकटीच्या वहीत रेघोट्या मारत शिकले. आता आमच्या मंडळाच्या मासिकात दर महिन्याला माझं कोडं असतं, आणि प्रत्येक कोड्याला एक विषय असतो. साधंसुधं मला चालतच नाही!

त्यातलं लाडकं कोणतं, असं विचारलं की माझी पंचाईत होते. 'मीना बाजार'चं आवडतं, त्यात आडवी-उभी नुसती कापडंच कापडं होती. 'फोडणी'चं तर फारच! ते छापून आलं आणि रुवैसहून समाधानचा फोन. हा तिथल्या रिफायनरीत वेल्डर. खोलीतली सगळी पोरं मिळून माझी कोडी सोडवतात.

"काकू, हा काय छळ! इथे मेसमध्ये बिनफोडणीची डाळ, आणि तुम्ही आडवी मोहरी, उभा हिंग लिहिता! पुढचं कोडं सिमेंटवर करा!"

केलं. कुणालाच आवडलं नाही.

पण काळजातलं कोडं एकच. 'आम्ही दोघं'. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी ते खास ह्यांच्यासाठी केलं. भिकाजीरावांनी आयुष्यात माझं एकही कोडं सोडवलेलं नाही. म्हटलं, हे तरी सोडवतील, सगळ्या सूचना आमच्याच संसारातल्या आहेत! सकाळी कागद हातात दिला, पेन्सिलीला टोक करून दिलं आणि मी पुरण वाटायला घेतलं.

हे गॅलरीत जाऊन बसले. जरा वेळाने कानोसा घेतला, तर फोनवर!

"समाधान, मदत कर रे जरा. 'रुसल्यावर मी कशाने हसते?' तीन अक्षरं."

फोन स्पीकरवर. रुवैसची सगळी खोली एकदम ओरडली.

"जिलबी!"

"श्रीखंड!"

"बासुंदी लिहा, काका!"

माझं रुसणं वाळवंटाच्या पार पोचलं होतं!

"बरं, पुढचं. 'दुबईत आल्यावर तुम्ही मला आणलेली पहिली भेट.' शेवटी 'रा' आलाय."

"गजरा! काका, फिट्ट बसतंय!"

"बसेल रे. पण मी तिला गजरा आणलाच नव्हता."

मी पुरणाच्या हातानेच गॅलरीत धावले. "अहो, असं काय करता? देवळाच्या गल्लीतून आणलेला, मोगऱ्याचा!"

"आणला असेल कुणीतरी. मी नाही आणला."

फोनवर लांबून एक बारीक आवाज आला, "मग कुणी आणला?"

खलास! पुरणात वेलची पडायच्या आत ही बातमी मंडळाच्या ग्रुपवर! मिहिका खोलीतून बाहेर आली. "मम्मा, हू इज धिस गजरा गाय? एव्हरीवन इज आस्किंग."

तेवढ्यात बेल. दारात अन्वरी, समोरच्या फ्लॅटमधली, रत्नागिरीची, दुबईतली माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण. हात कमरेवर.

"भामा, काय ऐकतेय मी गजऱ्याचं?"

"बरी आलीस! सांग गं ह्यांना."

"काय सांगू? तो गजरा मी आणलेला! तू नवी नवी आलीस, रडत बसली होतीस म्हणून! आणि माझ्या गजऱ्यावर नवऱ्याचं नाव घातलंस?"

तिने आपल्या घरात जाऊन दार असं आपटलं की आमच्या भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

मला वाटलं, आता हे हसतील. हे हसले नाहीत. कागदाची घडी घालत हळूच म्हणाले, "मी काय आणलं होतं, ते आठवत नाही तुला?"



आठवत होतं हो! स्टूल! कामावरच्या गोदामातल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून ह्यांनी स्वतः केलेलं. स्वयंपाकघराची खिडकी उंच, मी बुटकी. "ह्यावर उभी राहिलीस की खाडीतल्या होड्या दिसतील. दिवसभर एकटी असतेस," म्हणाले होते. एक पाय लंगडा, त्याखाली पुठ्ठा! त्यावर उभी राहून मी इथला पहिला उन्हाळा काढला.

पण ते मेलं कोड्यात बसेना! 'स्टू'ला छेदणारा शब्द आणू कुठून? तीन घरं रिकामी होती, तिथे गजरा गोड बसला. खोडून खोडून इतक्यांदा लिहिला की शेवटी मलाच तो खरा वाटायला लागला.

सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे 'स्टू'पायी माझी भेट गेली?"

"हो."

ह्यांनी घडी उलगडली, पेन्सिल घेतली आणि माझ्या देखण्या चौकटीच्या बाहेर, समासात, दोन वेडीवाकडी घरं काढून त्यांत लिहिलं, स्टूल.

फोन अजून चालूच होता! समाधान म्हणाला, "काका, असं चालतं होय?"

"आमच्यात चालतं!" हे म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आम्ही देवळाच्या गल्लीत गेलो. अन्वरीसाठी गजरा घ्यायलाच हवा होता. ह्यांनी दोन घेतले. दुसरा तिथेच, भर गर्दीत, माझ्या केसांत खोचायला लागले. उलटा खोचला!

"घे. आता तुझं कोडं बरोबर झालं," म्हणाले.

सूचनेत स्पष्ट 'पहिली भेट' असं लिहिलेलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. पण गिळलं! कोडी करणाऱ्या बाईला हे किती जड जातं, ते तुम्हाला नाही कळायचं.