चोर वेळेचा पक्का होता

घड्याळजींचं ठाम मत असं, की बिघडलेलं कुठलंही यंत्र तासाभरात आपलं दुखणं सांगतं, फक्त समोर बसून ऐकणारा हवा. घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं बरी केली होती, मग घरातलं इंटरनेट ते काय! "माझ्यावर सोड," ते लेकीला म्हणाले. आतल्या खोलीत त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

लेकीचा जीव टांगणीला लागला होता. परगावची चांगली नोकरी, आणि मुलाखत लॅपटॉपवर. पहिल्या वेळी ऐन उत्तराच्या मध्यावर चित्र थिजलं आणि मुलाखत घेणारे तिघे पाच मिनिटं तिचं उघडं तोंड बघत बसले. भली माणसं म्हणून त्यांनी पुन्हा वेळ दिली होती, गुरुवारी साडेचारची. त्यानंतर मात्र नाही, असंही बजावलं होतं.

घड्याळजी स्टुलावर चढले. कपाटावर, खोक्यांच्या मागे, इंटरनेटचा डबा होता. त्यांनी त्याला हात लावून पाहिला, मग कान लावला. डबा गार होता. घरघर नाही, दिव्यांची लुकलुक नाही.

"तब्येत ठणठणीत आहे," ते उतरत म्हणाले. "चांगलं यंत्र तापत नाही आणि बडबडत नाही. दुखणं बाहेरचं आहे."

मग ते कपाटाशेजारी मांडलेल्या, घड्याळं धुण्याच्या नव्या मशीनकडे वळले. महिन्याभरापूर्वी आणलेलं ते मशीन त्यांचं सध्याचं लाडकं बाळ होतं.

दुरुस्तीच्या वहीत त्यांनी चार दिवस इंटरनेटची नाडी टिपली. सकाळी उत्तम. दुपारी बरी. बरोबर चार वाजता मान टाकते, पाच वाजता शुद्धीवर येते. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"कुणीतरी आपलं इंटरनेट चोरून वापरतंय," त्यांनी जाहीर केलं. "पण माणूस वेळेचा पक्का आहे हो. असं आजकाल बघायला मिळत नाही."

"मग पासवर्ड बदलायचा," लेक म्हणाली आणि तो कसा बदलायचा ते तिने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. "पण बाबा, आता मुलाखत होऊ दे. चार वाजता रखडत का होईना चालतं, तुमच्या हातून ठार बंद पडलं तर संपलंच. गुरुवारी घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. शपथ घ्या."

त्यांनी घेतली.

गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या गाण्याच्या बाई दारात आल्या. बंद पडलेलं मनगटी घड्याळ हातात, आणि चेहरा घड्याळापेक्षा बंद.

"काय सांगू घड्याळजी, मुलींना नुसतं बसवून आलेय. चार ते पाच माझी ऑनलाइन शिकवणी. रोज मुली सूर लावतात आणि आ वासून थिजतात. कुणीतरी माझं इंटरनेट ओढतंय."

घड्याळजींचे डोळे चमकले. चार ते पाच! म्हणजे एकच चोर दोन्ही घरं लुटत होता. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर त्यांना पहिल्यापासूनच फार हसतमुख वाटत आला होता. घरातल्या कशाला हात लावायचा नाही ही शपथ होती, पण शेजारच्या घराबद्दल लेक काही बोलली नव्हती. त्यांनी खिशातली चिठ्ठी चाचपली.

"चला बाई. आधी तुमचा बंदोबस्त करतो."

बाईंच्या टेबलाशी बसून, चिठ्ठीवर बोट ठेवत, त्यांनी पंधरा मिनिटांत काम फत्ते केलं. नवा पासवर्ड त्यांनी स्वतःच्या डोक्याने ठेवला. चोर घुसायला बघेल आणि बाहेरच राहील, या विचाराने त्यांना भारी गुदगुल्या झाल्या. बाईंच्या लॅपटॉपवर सहा मुली एका दमात, न अडखळता गायला लागल्या. बाईंचे डोळे भरून आले.

घड्याळजी छाती फुगवून घरी आले, तर लेक लॅपटॉप डोक्यावर धरून खोलीभर फिरत होती.

"बाबा, इंटरनेट गेलं! सव्वाचारपर्यंत रडतखडत चालत होतं, आता ठार बंद आहे. दहा मिनिटं उरलीत. तुम्ही कशाला हात लावलात?"

"आपल्या डब्याला शप्पथ नाही."

बायको स्टुलावर चढली. तिने डब्याची वायर ओढली आणि ती ओढतच राहिली, कारण दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. प्लगच्या जागी घड्याळं धुण्याचं मशीन लावलेलं होतं.

"अहो, आपला डबा महिनाभर बंद आहे."

"मग आपण चालवत काय होतो?" लेकीने विचारलं.

बायको स्टुलावरच उभी राहून आठवू लागली. "मागे आपलं दोन दिवस बंद होतं ना, तेव्हा बाईंनी त्यांचा पासवर्ड दिला होता. आपल्या फोनांत आणि तुझ्या लॅपटॉपमध्ये तो घातला होता. आपला डबा मेला की ही यंत्रं गुपचूप त्यांच्याकडे जात असतील."

घड्याळजींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून तेवीस मिनिटं. आपला डबा जागा होऊन कामाला लागेपर्यंत थांबायची छाती कुणाचीच नव्हती. ते उलट पावली शेजारी गेले.

"बाई, चोर सापडला."

"सापडला? कोण हो?"

"माझी लेक," घड्याळजी म्हणाले. "आणि बायको. आणि मीही." पुढचं सगळं त्यांनी एका श्वासात सांगून टाकलं, कारण दोन श्वासांएवढा वेळ नव्हता.

बाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. मुलींना त्यांनी गळ्याला विश्रांती देण्याचं महत्त्व सांगितलं आणि लॅपटॉप मिटला. "पळा आता. पासवर्ड तुम्हीच ठेवलाय, मला कशाला विचारताय?"

नोकरीचं पत्र दहा दिवसांनी आलं. पण त्या घटकेला चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती, लेकीची बोटं अक्षरांवर तयार होती आणि घड्याळजी खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा, सांगा ना पटकन."

ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने."

"चोरालालाजवाटूदे," घड्याळजी म्हणाले. "सगळं एकत्र. मध्ये जागा नाही."

बायको स्टुलावरून उतरायचं थांबली. लेकीने एकेक अक्षर टाकलं. दार उघडल्यासारखं इंटरनेट आलं आणि पडद्यावर एक छोटी चौकट उमटली.

"हा पासवर्ड कायमचा लक्षात ठेवू का, असं विचारतंय."

"नको," घड्याळजी म्हणाले. "तो मी ठेवतो."