बापूरावांची फटफटी

बापूराव कंपाउंडर फणसाला नळी लावून तो पिकलाय की नाही ते सांगत. नळी म्हणजे छाती तपासायची, डॉक्टरांची. रबर चिरलं म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती टाकून दिली आणि बापूरावांनी चिंधी गुंडाळून ती पुन्हा कामाला लावली. दवाखान्यात ती खिशात असे. डॉक्टरांसमोर ती गळ्यात घालणं त्यांना आगाऊपणाचं वाटे. पण एकदा दवाखान्याबाहेर पडले की लोणावळ्यातली कुठलीच वस्तू त्यांच्या तपासणीतून सुटत नसे. माझ्या भिंतीवरचं घड्याळ, शेजारणीचा स्टोव्ह, भजनी मंडळाची पेटी, सगळ्यांना नळी लागून झाली होती. निदान ठरलेलं असे.

"कफ हाये. पण जगंल."

फणसाच्या बाबतीत ते हमखास चुकत. त्यांनी पास केलेला फणस कच्चा निघाला की शांतपणे म्हणत, "मग भाजी करा, मास्तर. भाजीला असाच लागतो."

मी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. बापूराव पंचेचाळिशीचे, किडकिडीत, डोक्यावर कायम पांढरी टोपी. एकटेच राहत, स्वतःच्या हातानं भाकरी थापत. त्यांच्या घरच्या माणसांविषयी मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

महायुद्ध संपून थोडे दिवस झाले होते. एका संध्याकाळी ते माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, मला फटफटी घ्यायची हाये."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. रस्त्यात साधी मोटार दिसली तरी अंग चोरून उभा राहणारा हा माणूस.

"नवी?"

"नवी कुठली परवडती? वापरलेली. स्वस्तातली. लय हलकी नको, चढाला रडती. लय जड नको, पडली तर मला उचलायची न्हाई. मधल्या बांध्याची पायजे. तुमी बरोबर चला, म्हंजे समोरचा फसवायचा न्हाई."

फटफटीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण मला चष्मा होता, आणि बापूरावांच्या मते विकणाऱ्याला वचक बसायला तेवढं पुरे होतं.

पहिली बघितली ती तुंगार्लीच्या एका बंगल्यात. मालक मुंबईला असत, माळ्यानं ती पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढली. म्हशीएवढी होती. बापूरावांनी तिच्याभोवती फेरी मारली, टाकीला नळी लावली, मान हलवली आणि वर बसले. माळ्यानं हात सोडला. फटफटी सावकाश, अगदी अदबीनं आडवी झाली आणि तिच्याबरोबर बापूरावही गुलाबाच्या ताटव्यात गेले. दोघांना उचलायला आम्हाला स्वयंपाक्यालाही बोलवावं लागलं. धोतरातले काटे काढत बापूराव म्हणाले, "तब्येत चांगली हाये. पण मानवणार न्हाई."

दुसरी कुसगावच्या एका चिक्कीवाल्याकडे होती. ही अगदी हलकी, सायकलीच्या मोठ्या बहिणीसारखी. सपाटीवर झकास चालली. मी मागे बसलो होतो. चढ लागला तशी ती कण्हायला लागली. बापूराव म्हणाले, "मास्तर, जरा उतरा." मी उतरलो. थोड्या वेळानं तेही उतरले. मग आम्ही दोघांनी तिला ढकलत वर नेलं आणि उतारावरून परत आणली. चिक्कीवाला वाट बघत उभा होता.

"कशी पळते?" त्यानं विचारलं.

"आमच्यापेक्षा कमी," बापूराव म्हणाले. चिक्कीवाल्यानं वाईट वाटून आम्हाला एकेक चिक्की दिली.

तिसरी उस्मानभाईंकडे सापडली. उस्मानभाईंचं गॅरेज घाटाच्या वाटेवर होतं. लष्करी लिलावातून आणलेली एक फटफटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. रंग उडालेला, टाकीला पोचे, सीट फाटलेलं, पण बांधा बरोब्बर मधला. उस्मानभाईंनी किक मारली. चौथ्या किकेला ती खोकली आणि सुरू झाली. बापूरावांनी वाकून, डोळे मिटून, कितीतरी वेळ नळीतून ऐकलं. मी म्हणालो, "कफ?"

"कफ न्हाई. दमा. पण दमेकरी लय जगतो."

उस्मानभाईंनी किंमत सांगितली आणि बापूरावांचा चेहरा पडला. बरीच वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसेही कमी पडत होते. मला वाटलं, संपलं. पण बापूरावांनी टोपी सारखी केली आणि एकेक भाग कमी करायला सुरुवात केली.

"हॉर्न काढून घ्या. मी वरडीन."

"बरं."

"आरसाबी काढा. मागं बगायचं काय काम?"

"बरं."

"दिवा काढा. मी रातचा कुटं जात न्हाई."

उस्मानभाईंनी हात जोडले. "कंपाउंडर, आता ब्रेक काढायला सांगाल. राहू द्या सगळं जागच्या जागी. तुम्हाला परवडेल ते द्या. माझी आई आजारी होती तेव्हा पावसातून औषध घेऊन आला होतात, ते मी विसरलो नाही."

बापूराव गोंधळले. "त्ये दवाखान्याचं औषध होतं," ते म्हणाले. पण फटफटी त्यांची झाली.

पुढचा महिनाभर लोणावळ्याची छान करमणूक झाली. बापूराव बाजारातून जायचे तेव्हा हॉर्न असूनही तोंडानं ओरडायचे, "सरका मंडळी, मला अजून थांबवता येत न्हाई." लोक सरकायचे. एकदा ते गवताच्या गंजीत शिरले आणि फटफटी आतच चालू राहिली. हळूहळू मात्र हात बसला. मग एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. धुतलेलं धोतर, कोट, टोपी.

"चला, मास्तर. आंदर मावळात आत्याकडं जायचंय."

कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या बाजूला वळलो आणि रस्ता संपून बैलगाडीची चाकोरी लागली. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरं मोकळी पडली होती. एक ओढा आम्ही फटफटीवर बसून ओलांडला आणि दुसरा फटफटीला धरून. गावात शिरलो तेव्हा सगळी कुत्री आमच्या स्वागताला हजर होती.

शेवटच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिनं आधी बापूरावांकडे बघितलं, मग फटफटीच्या टाकीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"जावई, ह्याला ताप हाये की."

तेव्हा मला कळलं की आत्या म्हणजे बापूरावांच्या सासूबाई. गऊबाई त्यांचं नाव. बापूरावांना बायको होती हेच मला ठाऊक नव्हतं.

"माझा गुडघा धरल्यापास्नं यायला जमना, आत्या," बापूराव सांगत होते. "एवढं अंतर चालवत न्हाई आता. म्हणून ही आणली. बसा, तुमच्या भैनीकडं सोडतो."

गऊबाईंची धाकटी बहीण पलीकडच्या गावात दिली होती. गऊबाईंचे पाय थकल्यापासून दोघींची गाठ पडली नव्हती. म्हातारीनं नेसणाचा काष्टा आवळला, काठी माझ्या हातात दिली आणि बापूरावांच्या मागे अशी ठाम बसली, जणू रोजचंच. गावाच्या वेशीपर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं.

तिला सोडून बापूराव मला न्यायला परत आले. वाटेत फटफटी तापली, म्हणून आम्ही एका बांधावर बसलो. मी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"सुंदरीला जाऊन? लय झाली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली. आत्या म्हणत्यात, दुसरी करा. मी म्हणतो, बगू." त्यांनी एक गवताची काडी मोडली. "मास्तर, लोणावळ्यात तिला कुणी बगितलेलंच न्हाई. तिचं नाव घ्यायचं तर कुणापुढं घ्यायचं? हितं आलो की आत्या सांगत्यात, ती अशी भांडायची, अशी चिचा पाडायची. ऐकलेलंच असतंय सगळं. तरी ऐकतो."

ते उठले, फटफटीला किक मारली.

आम्ही पोचलो तेव्हा दोघी बहिणी ओट्यावर हातात हात घेऊन बसल्या होत्या आणि दोघी एकदमच बोलत होत्या. फटफटी बघायला अंगण भरलं होतं. गर्दीतल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "ह्ये पाव्हणं कोण म्हणायचं?"

"ह्ये व्हय?" गऊबाई म्हणाल्या. "ह्ये आमचं जावई. सुंदरीचं मालक."

आतून पाट आणला गेला. बापूरावांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि कालच लग्न झाल्यासारखे खाली मान घालून पाटावर बसले.