केरूचं बारसं

पाचमाळ नगरपालिकेच्या बागेत बारसं झाल्याशिवाय कुठल्याही फुलाला उमलता येत नसे. कळी धरली की पाळणा बांधायचा, घुगऱ्या शिजवायच्या आणि फुलाच्या आत्याने कळीच्या कानात तिचं लॅटिन नाव सांगायचं. मग तिसऱ्या दिवशी त्याच आत्याने चारचौघांसमोर त्या नावाने मोठ्यांदा पहिली हाक मारायची. हाकेला ओ देत फूल उमलायचं. ही रीत म्हणे बाग लावणाऱ्या गोऱ्या साहेबाने घालून दिली. गोऱ्या साहेबाला घुगऱ्या कुठून ठाऊक, हे काही कुणी विचारलं नाही.

फुलाचा बाप म्हणजे बागेचा माळी, तेव्हा आत्या म्हणजे माळ्याची बहीण, हे ओघानंच आलं. माळी होता श्रीपती साबणे आणि त्याची थोरली बहीण वत्सला. वत्सलाताई पन्नाशी ओलांडलेल्या, लग्नाचं काही जमलं नव्हतं, आणि स्वभाव असा भित्रा की गॅसवर दूध ठेवलं तरी ते उतू जाईपर्यंत जिवात जीव नसायचा. गेलं एकदाचं उतू, की मग बरं वाटायचं. नेमक्या अशा बाईच्या गळ्यात हे काम पडलं होतं.

काम अवघड होतं, कारण नावाबरोबर नशीबही यायचं. फुलांची लॅटिन नावं पुष्कळशी ग्रीक पुराणातली, आणि ग्रीक पुराणात कुणाचं धड झालंय? नार्सिससला नाव मिळालं की त्याला पाण्यात तोंड बघून झुरायची खोड लागे, म्हणून श्रीपती झारीवर फडकं टाकून त्याला पाणी घाली. पिओनिया हा मूळचा देवांचा वैद्य. त्याच्या वाफ्यापुढे पोटदुखीवाल्यांची रांग लागायची, आणि ज्या गुरूला त्याचा हेवा वाटला तो गुरू अस्क्लेपियास, म्हणजे आपलं हळदीकुंकवाचं झाड, पलीकडून धुसफुसत बघत राहायचा. पालिकेने दोघांच्या मध्ये पत्रा ठोकला होता. कण्हेर तर लॅटिनात नेरियम. नेरिअस हा समुद्रातला म्हातारा जन्मात खोटं बोलला नाही, त्यामुळे नगरसेवक कण्हेरीकडच्या फाटकाने कधी ये-जा करत नसत.

एवढं सगळं चालवून घेण्यासारखं होतं. हायासिंथसचं मात्र तसं नव्हतं.

हायासिंथस हा एक देखणा राजपुत्र, सूर्यदेवाचा जिवलग. दोघे एकदा थाळीफेक खेळत होते. पश्चिमेच्या वाऱ्याला ती मैत्री बघवली नाही. त्याने देवाच्या हातून सुटलेली थाळी वळवली आणि ती पोराच्या कपाळात बसली. संपलं. आता बागेला लागून हायस्कूलचं मैदान, मैदानावर खेळाचे शिक्षक दिनकर नाईकडे, आणि पश्चिमेला कोकणातून घाट चढून येणारा वारा. नशिबाला आणखी काय सामान लागतं?

नाईकडे सर एकटे राहत. शाळा सुटली की ते वाफ्याजवळच्या बाकावर बसून हायासिंथसच्या कोंबाला वर्तमानपत्रातलं खेळांचं पान वाचून दाखवत. फुलावर त्यांचा जीव होता. आणि तरी पहिल्या साली वत्सलाताईंनी तिसऱ्या दिवशी हाक मारली, तशी सरांच्या हातातली थाळी सुटली, वाऱ्याने वळली आणि फुलाची मान मोडून गेली. दुसऱ्या साली त्यांनी सगळ्या थाळ्या कपाटात कोंडल्या. कपाटाचं दार मोडून एक थाळी त्यांच्या हातात आली. तिसऱ्या साली त्यांनी स्वतःला गोलपोस्टला बांधून घेतलं. त्या वेळी थाळी शेजारच्या तालुक्यातून आली, त्यांच्या बोटांना लागून गेली आणि व्हायचं ते झालंच. सर बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. श्रीपती त्या दिवशी जेवला नाही.

यंदा त्याच्याकडे एकच कंद उरला होता. कोंब आला, कळी धरली, निळी.

"ताई," तो म्हणाला, "तीनदा पोर पुरून आलोय मी. आता नाही गं झेपायचं मला."

वत्सलाताई तडक नामकरण अधिकारी बिवलकर साहेबांकडे गेल्या. "साहेब, एवढं एक नाव बदलून द्या हो."

"मी का माझ्या मनाने देतो?" बिवलकर साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियमापलीकडे त्याला दिसत नसे. "ते ग्रीकांनी ठेवलंय. शिवाय पालिकेच्या नावांच्या कोठारातून ते निघालंसुद्धा. उद्या बारसं."

बारशाला बायका जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. श्रीपतीची बायको इंदू पाळण्याची दोरी धरून उभी होती. वत्सलाताई कळीवर वाकल्या. नाव जिभेवर तयार होतं. त्यांना दरदरून घाम फुटला, आणि तोंडातून निघालं ते, "केरू."

हे नाव त्यांनी आकाशातून नव्हतं काढलं. त्यांच्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. श्रीपती झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, वर चार काड्या टाकल्या आणि नाव ठेवलं केरू. केर कोण उचलून नेणार? यमाने बघितलं आणि नाक मुरडून पुढे गेला. श्रीपती हे नाव नंतर शाळेत घातलेलं. वत्सलाताईंनी हे सगळं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सुपासकट त्याला घरात परत आणलं ते त्यांनीच, आणि त्यांचा त्यावर पक्का विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी सगळी बाग माणसांनी भरली. वत्सलाताईंनी डोळे मिटले आणि हाक मारली, "केरू!"

फूल उमललं आणि शिंकलं. तेवढ्यात मैदानावरून थाळी सुटली, वाऱ्याने वळवली, वाफ्यावर आली आणि थांबली. अधांतरी, फुलाच्या हातभर वर, गरगरत. तिला हायासिंथस हवा होता. खाली केरू होता. काय करावं ते तिला कळेना.

बिवलकर साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वत्सलाबाई, कानात काय नाव सांगितलंत?"

"तुम्ही दिलं तेच," वत्सलाताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होत्या, त्यामुळे जमलं नाही.

साहेब सगळ्यांना घेऊन कण्हेरीपाशी गेले. "काय नाव सांगितलं गं हिने?"

"केरू," कण्हेर म्हणाली. "आणखी काही विचारायचंय? तुमच्या बदलीचं सांगू का, कुणी थांबवली ते?"

"नको, नको," साहेब घाईने म्हणाले आणि माघारी वळले.

वाफ्याजवळ उभं राहून त्यांनी निकाल दिला. एका कानाला एकच नाव, तेव्हा केरू आता केरूच राहणार. केरू नावाच्या माणसांना लांब आयुष्य आणि बारमाही सर्दी असते, ती दोन्ही त्याला लागू. पण हायासिंथस हे नाव कोठारातून निघालेलं, ते परत घेता येत नाही. ते अजून वत्सलाबाईंच्या जिभेवर आहे. संध्याकाळच्या आत ते कुणाच्या तरी कानात गेलं पाहिजे, नाहीतर थाळी जिथे आहे तिथेच पडेल.

थाळी खरंच चार बोटं खाली आली होती. केरू शिंकला, की तिचं गरगरणं वाढायचं.

"माझ्या कानात सांग, ताई," श्रीपती म्हणाला. "बाप आहे मी त्याचा."

"गप बस!" वत्सलाताई ओरडल्या. "तुला काय मी उकिरड्यावरून याच्यासाठी परत आणला?"

तेव्हा नाईकडे सर पुढे झाले. "माझ्या कानात सांगा. थाळी माझीच आहे. तीन वेळा माझ्या हातून झालंय, एकदा माझ्यावर आली तर बिघडलं कुठे?"

"मी नाही सांगायची," वत्सलाताई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "फुलासाठी माणूस घालवू? असलं पाप मी करणार नाही." सर कान पुढे करून वाकले आणि तसेच उभे राहिले. तास गेला. थाळी आता केरूच्या पाकळ्यांना वारा घालत होती, आणि श्रीपती ते बघत जमिनीवर बसला होता. शेवटी वत्सलाताईंनी सरांच्या कानाला तोंड लावलं.

थाळी उचलली गेली आणि सरांच्या डोक्यावर येऊन थांबली. एका कानाला एकच नाव, म्हणून दिनकर हे नाव त्याच क्षणी रद्द झालं. गावाची काही पंचाईत झाली नाही, गाव त्यांना सरच म्हणत असे.

"आता तिसऱ्या दिवशी हाक," बिवलकर साहेब म्हणाले.

"आणि मी हाक मारली, की..." वत्सलाताईंनी थाळीकडे पाहिलं. "नाहीच मारली तर?"

"आत्याला सूट नाही." साहेब जरा वेळ पिओनियाच्या रांगेकडे बघत राहिले. त्यांनाही रात्री झोप हवीच होती. मग त्यांचा चेहरा उजळला. "एकच वाट आहे. बायको काही नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. ती 'अहो' म्हणते. बायकोचं 'अहो' ही हाकच धरता येईल, आणि नावही तोंडातून निघणार नाही."

वत्सलाताईंचे कान लाल झाले. "साहेब, अहो, ह्या वयात?"

"माझी हरकत नाही," सर म्हणाले. मग त्यांना ते तोकडं वाटलं असावं. "हरकत नाही म्हणजे... मला आवडेल, वत्सलाताई."

"ताई म्हणू नका मग," इंदू मागून म्हणाली.

वत्सलाताईंना हसू आलं. इतकी वर्षं बाकावरून खेळांचं पान ऐकू येत होतं, तेव्हा त्या तण काढायच्या निमित्ताने जवळच्याच वाफ्यात बसायच्या. तण नसलं तरी बसायच्या. हे त्यांनी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेतच लग्न लागलं. सरांच्या मुंडावळ्यांवर थाळी गरगरत होती आणि अक्षता तिच्यावर पडून टणटण वाजत होत्या. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक अंमळ घाईने उरकलं. वत्सलाताईंनी पदर सावरला, सरांकडे पाहिलं आणि चारचौघांसमोर मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो!"

थाळी थरथरली. थांबली. वरच राहिली.

"ओ," सर म्हणाले. श्रीपतीने दोघांना मिठी मारली, केरू शिंकला, आणि गाव जेवायला बसलं. जिलब्या कमी पडल्या, पण कुणी मनावर घेतलं नाही.

ऊन कललं तशी वरात सरांच्या घरी निघाली. उंबरठ्यावर माप ठेवलेलं होतं, ओवाळणीचं ताट होतं. वत्सलाताईंनी उजवं पाऊल उचललं, आणि इंदूने दोन्ही हात पसरून दार अडवलं. तिच्या मागे बिवलकरांच्या पत्नी, शेजारच्या दोघीतिघी. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही!"

म्हणून झालं, आणि मग सगळ्यांना कळलं.

इंदूचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! वन्सं, तोंडातून निघून गेलं हो. सवयीने."

"मग हो बाजूला," श्रीपती म्हणाला.

"कशी होऊ? अडवलेलं दार नाव घेतल्याशिवाय सोडायचं नसतं. अपशकुन होतो. आजवर कुणी सोडलंय?"

कुणीच सोडलं नव्हतं. सगळ्यांनी बिवलकर साहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या चपलांकडे बघत होते. "उखाण्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "नियमात आहे तो. माझ्याच लग्नात घेतला होता हिने."

नाव आता एकच होतं, आणि ते घ्यायचं त्याच तोंडाने. वत्सलाताईंनी उचललेलं पाऊल खाली ठेवलं. वर पाहिलं. थाळी अगदी हळू फिरत होती, कान दिल्यासारखी. मग त्या पायरीवर बसल्या. सर त्यांच्या शेजारी बसले.

दोघे अजून तिथेच राहतात. पायरीवर पत्र्याची पडवी काढून दिली आहे, स्टोव्ह आहे, दोन खुर्च्या आहेत. सर तिथूनच शाळेत जातात आणि थाळी त्यांच्या डोक्यावरून जाते, येते. उन्हाळ्यात सावलीला बरी पडते. ते घरी येईपर्यंत वत्सलाताई रस्त्याकडे बघत बसतात. नाव जिभेच्या टोकावर असतं, रात्रंदिवस, आणि त्या बोलण्याआधी प्रत्येक शब्द दोनदा तपासून घेतात. झोपेत बोलू नये म्हणून तोंडावर पदर बांधतात. सर म्हणतात, सोड, होईल ते होईल. त्या सोडत नाहीत.

दार अडवण्याच्या पाळ्या बायकांनी वाटून घेतल्या आहेत. दिवेलागणीला इंदूची पाळी असते. ती आतून चहा आणून देते, केरूच्या सर्दीची हकिगत सांगते आणि मग दोन्ही हात पसरते.

"वन्सं, घेता का नाव?"

"उद्या," वत्सलाताई म्हणतात.

"बरं," इंदू म्हणते, आणि दार अडवून उभी राहते.